नारायणगडावरून शोधगंगेत उडी

बीडच्या नारायणगडाला सगळे ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. नगद नारायण महाराजांचं दर्शन झालं, प्रसाद झाला आणि मोबाइलला रेंज असेल, तर गडावर बसल्या बसल्या आणखी एक उद्योग करून बघा. ‘शोधगंगा’ ही वेबसाइट उघडा. पासवर्ड लागत नाही, फी नाही, ओळखपत्र कुणी मागत नाही. देशभरातल्या विद्यापीठांचे पाच लाखांहून अधिक पीएचडी प्रबंध समोर हजर. त्यात आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे, म्हणजे बामूचेही हजारो.

संशोधन कुणालाही, कुठूनही, फुकट वाचता यावं, याला जगभर ‘ओपन अ‍ॅक्सेस’ म्हणतात. त्याच्या या काही गमती.

केंब्रिज मागे, आपण पुढे

ऑक्टोबर २०१७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने स्टीफन हॉकिंगचा १९६६ सालचा प्रबंध सर्वांसाठी खुला केला. वाचकांची इतकी झुंबड उडाली की वेबसाइटच बसली. त्याच महिन्यापासून केंब्रिजने प्रत्येक पीएचडीवाल्याला प्रबंधाची डिजिटल प्रत देणं सक्तीचं केलं. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, हा नियम २००९ मध्येच केला होता. आठ वर्षं आधी! नियम होणं आणि तो पाळला जाणं यात आपल्याकडे किती अंतर असतं ते सांगायला नको. पण पहिला नंबर तो पहिला नंबर.

प्रबंधाची तीर्थयात्रा

नावं ठेवणारा माणूस भाविक असावा. विषय मंजूर झाला की सिनॉप्सिस जातो ‘शोधगंगोत्री’वर. प्रबंध लिहून झाला की चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून निघतो, त्या सेवेचं नाव ‘शोधशुद्धी’. ही २०१९ मध्ये सुरू झाली. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत गेलं तर दुरुस्त करून पुन्हा सादर करा, साठपर्यंत गेलं तर वर्षभर थांबा आणि साठच्याही पुढे गेलं तर नोंदणीच रद्द. यातून पार पडलं की व्हायवा, पेढे, फोटो. आणि शेवटी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून प्रबंधाची पीडीएफ ‘शोधगंगे’त सोडली जाते.

हा सगळा कारभार चालतो गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्रातून. विद्यापीठाने त्यांच्याशी करार करायचा, एक समन्वयक नेमायचा (बहुतेक ठिकाणी हे काम ग्रंथपालांच्याच गळ्यात पडतं) आणि प्रबंध चढवत राहायचे. खालचं सॉफ्टवेअर आहे डीस्पेस. अमेरिकेतली एमआयटी आणि संगणक बनवणारी ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी यांनी ते २००२ मध्ये आणलं, तेही फुकट. खुल्या ज्ञानाची पेटीसुद्धा खुलीच.

३०० पानं वाचायची नसतील तर

शोधगंगेवर प्रबंध अखंड नसतो, त्याचे तुकडे असतात. ०१ म्हणजे मुखपृष्ठ, मग प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, अनुक्रमणिका, मग एकेक प्रकरण. या रांगेच्या टोकाला अनेकदा ‘८० रेकमंडेशन’ नावाची फाइल दिसते. त्यात मुखपृष्ठ आणि निष्कर्ष एवढंच असतं. घाईतल्या माणसाने थेट तीच उघडावी. गाइड लोकांना ही युक्ती माहीत असते, ते विद्यार्थ्यांना सांगत नाहीत इतकंच.

बाबासाहेबांची थांबलेली पदवी

ज्यांचं नाव विद्यापीठाला मिळावं म्हणून मराठवाड्याने सोळा वर्षं संघर्ष पाहिला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, त्या बाबासाहेबांची स्वतःची पीएचडी प्रकाशनाच्याच अटीवर अडली होती. कोलंबिया विद्यापीठाने त्यांचा प्रबंध १९१७ मध्ये स्वीकारला. पण तिथला नियम असा, की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्यायच्या, तेव्हा पदवी. छपाईला पैसे लागतात. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा तो ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग यांनी काढला १९२५ मध्ये, आणि पदवी हाती आली १९२७ मध्ये. स्वीकृती ते पदवी, दहा वर्षं! आजच्या संशोधकाला पीडीएफ ग्रंथालयात द्यायला दहा मिनिटं लागतात आणि तरी तो कुरकुरतो.

जोडीला हेही: बाबासाहेबांच्या लेखनाचा कॉपीराइट निधनानंतर साठ वर्षांनी, म्हणजे २०१६ च्या अखेरीस संपला. महाराष्ट्र शासनाने काढलेले त्यांच्या इंग्रजी लेखनाचे आणि भाषणांचे जाडजूड खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाइटवर मोफत मिळतात. हो, परराष्ट्र मंत्रालयाच्या.

मांजरांचीही सोय

१९७५ मध्ये मिशिगनच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने शोधनिबंधावर सहलेखक म्हणून आपल्या मांजराचं नाव घातलं. निबंध एकट्याचा होता, पण चुकून सगळीकडे ‘आम्ही’ लिहून बसला होता. पुन्हा टाइप कोण करणार? १ एप्रिल २०१४ ला अमेरिकन फिजिकल सोसायटीने जाहीर केलं की मांजरांनी लिहिलेले सर्व निबंध यापुढे वाचायला मोफत.

बिल कोणाच्या नावावर?

प्रबंधांचं गणित सोपं आहे. खरी अडचण जर्नलमधल्या लेखांची. संशोधन सरकारी पैशातून होतं, लेख प्राध्यापक फुकट लिहितात, तपासणारेही बहुतेक फुकट तपासतात आणि मग तोच लेख वाचायला त्यांच्याच ग्रंथालयाने वर्गणी भरायची. २०१२ मध्ये हार्वर्डने आपल्या प्राध्यापकांना कळवलं की काही मोठ्या प्रकाशकांची वर्गणी वर्षाला साडेसदतीस लाख डॉलरच्या घरात गेली आहे, हे परवडणारं नाही. हार्वर्डचा खिसा हलका होत असेल तर आपल्या विद्यापीठांनी काय बोलावं?

उलटा मार्गही आहे. वाचकाला फुकट, लेखकाकडून पैसे. २०२१ मध्ये ‘नेचर’ने खुल्या लेखाचा दर ठेवला ९,५०० युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने आठ लाखांच्या वर. एवढ्यात गडाच्या पायथ्याला ट्रॅक्टर उभा राहील.

आणि तिसरा मार्ग, ज्याला ‘डायमंड’ म्हणतात: वाचकाने द्यायचं नाही, लेखकानेही नाही, खर्च संस्थेने किंवा समाजाने उचलायचा. हा शोध युरोपचा वाटत असेल तर चाळीसगावजवळच्या पाटणला जा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने १२०७ मध्ये त्याला दान दिलं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या या शिलालेखाचा काही भाग चक्क मराठीत आहे आणि त्यात कोणी काय द्यायचं ते नोंदलंय. बाजारातल्या मालावर वाटा, तेलाच्या घाण्याकडून पळीभर तेल. गणित शिकणाऱ्याचा खर्च तेली आणि व्यापारी भागवत होते. आता भास्कराचार्य मूळचे कुठले? त्यांचं विज्जलविड म्हणजे बीडच, असं मानणारे अभ्यासक आहेत. पाटणच्या बाजूचेही आहेत. बीडकरांनी आपला दावा सोडू नये.

एक देश, एक वर्गणी, पण…

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं, ६,३०० सरकारी संस्था. विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी ही चंगळ आहे. फक्त वाचक नीट बघा: लॉगइन संस्थेच्या माणसाला मिळतं. गडावर आलेला शेतकरी, निवृत्त शिक्षक, गावातला डॉक्टर या देशात बसत नाहीत. माझ्या मते इतक्या पैशात थोडा वाटा आपलीच जर्नलं खुली ठेवायला गेला असता तर जास्त लाभ झाला असता.

दोन दिवसांत छापून मिळेल

खुल्या प्रकाशनाच्या नावाखाली दुकानंही निघाली. पैसे टाका, उद्या निबंध छापून घ्या. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्राध्यापकाने अशाच एका जर्नलच्या ईमेलना वैतागून एक निबंध पाठवला. ‘मला तुमच्या यादीतून काढा’ हे एकच वाक्य, मध्ये एक सणसणीत शिवी आणि तेच पानामागून पान. उत्तर आलं: निबंध उत्कृष्ट आहे, दीडशे डॉलर भरा.

आपल्याकडे मे २०१८ मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नलं एका झटक्यात काढली. पुढे नव्या यादीचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात बसून झालं. २०२२ च्या नियमांत पीएचडीआधी निबंध छापण्याची सक्तीच गेली. त्या दिवशी काही दुकानदारांनी नक्की सुतक पाळलं असेल.

परभणीचं कपाट

शेतीवाल्यांसाठी शोधगंगेसारखंच ‘कृषिकोश’ आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातले कापूस, सोयाबीन, तुरीवरचे प्रबंध तिथे सापडतात. बहुतेक इंग्रजीत. आपल्या मातीत केलेला प्रयोग आपल्या भाषेत का नसावा, हा प्रश्न विद्यापीठाने स्वतःला विचारायला हरकत नाही.

कुलूप आपलं, किल्लीही आपलीच

मराठवाड्यात खुल्या ज्ञानाच्या नेमकी उलट परंपराही होती. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. शतकानुशतकं ते बाहेरच्याला वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती लागली आणि मराठीच्या आद्य गद्याचं भांडार उघडलं.

तशीच एक लिपी आज शोधगंगेत आहे, फक्त ती कुणी मुद्दाम घडवली नाही. जुने मराठी प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप झाले. पडद्यावर सुबक मराठी दिसते, मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा चिवडा हाती येतो. त्याहून जुने स्कॅन केलेले, म्हणजे नुसतीच चित्रं. आत शोधायला गेलं तर संगणक म्हणतो, असा शब्दच नाही. म्हणून बीडच्या ऊसतोड मजुरांवर कोणी काय लिहिलंय ते पाहायचं असेल तर ‘ऊसतोड’ एकदा देवनागरीत टाका, एकदा रोमन स्पेलिंगने, मग ‘शुगरकेन कटर्स’ म्हणून. तिन्ही वेळा यादी वेगळी आली तर दचकू नका, तिन्ही याद्या वाचा.