सासूबाई ओट्याशी उभ्याच राहिल्या

सायकोड्रामा, म्हणजे नाटकातून मानसोपचार, म्हटलं की लोकांना वाटतं, कुणीतरी हंबरडा फोडणार आणि बाकीचे डोळे पुसणार. आमच्या गटात रडारड होते, नाही असं नाही. पण हौशी रंगभूमीवर उमेदीची वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या बाईला रडण्याचं फारसं अप्रूप नसतं. माणूस उठून दुसऱ्याच्या जागी जातो, तेव्हा मी कान टवकारते.

ठाण्यातल्या एका समुपदेशन केंद्रात मानसोपचारतज्ज्ञांबरोबर मी हे गट घेते. मागे एक सासू-सून आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तक्रार चहाची. म्हणजे वरवर चहाची. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक टेबल, त्यालाच ओटा म्हणायचं. रोजचा प्रसंग दोघींनी आधी जसाच्या तसा केला. मग म्हटलं, आता जागा बदला.

सुनेने खुर्चीत बसून पदर सावरला आणि हुबेहूब सासूच्या आवाजात विचारलं, "चहा झाला का गं?" गट खो खो हसला. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. आता कुणी हसेना. "काय करू," ती आपल्या आवाजात म्हणाली, "इथे बसून हातांना कामच नाही काही." सासूबाई तोवर ओट्याशी. नसलेला कप दिला, नसलेलं पातेलं घासलं. दुसरी खुर्ची शेजारीच रिकामी होती, तरी उभ्याच. विचारलं, उभ्या का? "बस म्हणालं कुठे कुणी?" त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, आणि मग स्वतःच चपापल्या.

आपल्याकडे नक्कल काही नवी नाही. भोंडल्याच्या गाण्यांत सासूची टर उडते, मंगळागौरीच्या खेळांत तर तिची चांगलीच खोड मोडतात. मन मोकळं होतं, पाय मोकळे होतात. फक्त तिथे सासू सून होत नाही. नक्कल करणारी आपल्या बाजूलाच उभी असते. आमच्या सुनेचीही पहिली हाक नक्कलच होती. तिसरी नव्हती.

ही जागाबदलाची युक्ती उपचारात आणली जेकब मोरेनो या डॉक्टरने. १८८९ साली बुखारेस्टमध्ये जन्मला, व्हिएन्नात वाढला. विद्यार्थी असताना तिथल्या ऑगार्टन बागेत मुलांना जमवून गोष्टी सांगायचा, त्यांच्याकडून त्या करवून घ्यायचा. १ एप्रिल १९२१ रोजी त्याने व्हिएन्नातल्या एका नाट्यगृहात पडदा उघडला, तर मंचावर ना संहिता ना नटसंच. एक सिंहासन आणि एक मुकुट. महायुद्ध हरून ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडलेलं. प्रेक्षकांनी एकेक करून वर यावं, राजा व्हावं आणि देश कसा चालवणार ते दाखवावं. राजा काही सापडला नाही, प्रयोग साफ पडला. आमच्या राज्य नाट्य स्पर्धेत असं झालं असतं तर दिग्दर्शक वर्षभर तोंड लपवून फिरला असता. या गड्याने उलट आयत्या वेळी सुचेल ते करणारी नाटक मंडळीच काढली.

त्या मंडळीतल्या एका नटीची गोष्ट मोरेनो सांगत असे. तिला त्याने बार्बरा म्हटलंय. मंचावर सोज्वळ, घरी मात्र नवऱ्यावर आग पाखडणारी. मोरेनोने तिला भांडकुदळ, रस्त्यावरच्या बायकांच्या भूमिका दिल्या आणि घरातली भांडणं निवळायला लागली. पुढे नवऱ्यालाही मंचावर घेऊन त्यांच्या घरातलेच प्रसंग करायला लावले. प्रशिक्षणात ही गोष्ट हमखास सांगतात. त्या नवऱ्याने पुढे आत्महत्या केली, हे सांगायचं बहुतेक राहून जातं. नाटकाने संसार सावरतो, अशी हमी मी म्हणूनच कुणाला देत नाही.

मोरेनो १९२५ साली अमेरिकेला गेला आणि १९३६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावी त्याने रुग्णालय काढलं. तिथे त्याने उपचारासाठी चक्क रंगमंच बांधून घेतला: पायरी-पायरीने चढत जाणारी वर्तुळं आणि वर सज्जा. पुढे १९४२ साली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात मेरियन चेस ही नर्तकी अबोल झालेल्या रुग्णांबरोबर काम करू लागली. समोरचा जसा हलेल तसं आपण हलायचं, तो डोलला की डोलायचं. शब्दांची घाई नाही. गटाच्या सुरुवातीला मी हेच करून घेते. मध्यमवर्गीय पुरुष यात सगळ्यात अवघडतात.

सगळ्यात कठीण भाग शेवटचा. प्रसंग संपला की गटाने सल्ला द्यायचा नाही, आपल्याला काय आठवलं तेवढंच सांगायचं. मराठी माणसाला सल्ला गिळायला लावणं म्हणजे शिक्षाच. त्या दिवशी एक काका "मी म्हणतो, चहाचं मशीनच का नाही..." इथवर आलेच होते.

भास होणाऱ्या किंवा नुकताच मोठा धक्का बसलेल्या माणसाला डॉक्टरांच्या होकाराशिवाय गटात घेत नाही. घरी करून बघू का, असं बरेच जण विचारतात. गेलेल्या माणसाला रिकाम्या खुर्चीत कल्पून त्याच्याशी बोलणं घरी नको, सावरायला जाणतं कुणीतरी लागतं. मुलांशी दहा मिनिटं जागाबदल मात्र खुशाल करा. मुलगी आई होऊन मोबाइलमधून मान वर न काढता "झाला का अभ्यास?" विचारेल, एवढी तयारी ठेवा.