पेशींतील चुली आणि कर्करोग

गेल्या महिन्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा तुकडा तपासणीस पाठविण्यांत आला होता. अहवाल हातीं आला तेव्हां त्यांतील एका वाक्यानें त्यांचें सारें घर अस्वस्थ झालें: 'पेशींतील केंद्रिका ठळक दिसतात.' ही केंद्रिका म्हणजे काय आणि ती ठळक दिसली तर भिण्याचें कारण काय, असें वहिनींनीं आम्हांस विचारलें. त्या वेळीं दिलेलें उत्तर त्रोटक होतें. तेंच येथें जरा विस्तारानें देत आहों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शरीराचीं प्रथिनें पेशीकेंद्रांत तयार होतात असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तीं केंद्राबाहेर, पेशीरसांत, रायबोझोम नांवाच्या अतिसूक्ष्म यंत्रांवर तयार होतात. मग केंद्रांत काय होतें? तर हीं यंत्रेंच तेथें जुळविलीं जातात. वाचकभगिनींस समजेल असें सांगावयाचें तर स्वयंपाक अंगणांत होतो, पण चुली माजघरांत घडतात. आणि केंद्रिका म्हणजे तें माजघर. येथील व्यवहार मोठा मौजेचा आहे. रायबोझोमला लागणारीं सुमारें ८० प्रथिनें बाहेर तयार होऊन केंद्रांत येतात, तेथें आर. एन्. ए. च्या ४ धाग्यांशीं जुळतात, आणि लहानमोठ्या दोन भागांच्या रूपानें पुन्हां बाहेर पडतात. वेगानें वाढणाऱ्या पेशींत असे हजारों भाग दर मिनिटाला तयार होत असतात!

केंद्रिकेकडे इटलीच्या फोंताना ह्या शास्त्रज्ञाची नजर १७८१ सालीं गेली. पुढें १८९६ सालीं त्याच्याच देशांतील पिआनेझे ह्यानें कर्करोगाच्या पेशींत ती फुगलेली असते, अशी नोंद केली. कारण उघड आहे. जी पेशी अखंड दुभंगत सुटली तिला प्रथिनें अमाप लागतात, व त्यांसाठीं चुलीही अमाप लागतात. 'मिक्' नांवाचा जीन बेफाम झाला कीं माजघरांतील काम रात्रंदिवस चालतें.

उलट हें काम मध्येंच अडलें तर काय होतें, तें अधिक नवलाचें आहे. जुळणीविना पडून राहिलेलीं कांहीं प्रथिनें 'एम्.डी.एम्. २' ह्या प्रथिनास धरून ठेवतात. हें प्रथिन एरवीं 'पी ५३' ह्या पहारेकऱ्याचा नाश करीत असतें. तें अडकून पडतांच पहारेकरी जागा होतो आणि पेशीची वाढ थांबवितो. ॲक्टिनोमायसिन डी हें औषध अल्प प्रमाणांतही केंद्रिकेंतील काम बंद पाडतें. लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या एका कर्करोगावर तें वापरतात. पण निरोगी अस्थिमज्जेसही चुली लागतातच, म्हणून ह्या औषधाची झळ तिलाही बसते. शिवाय डायमंड-ब्लॅकफॅन नांवाच्या पांडुरोगांत रायबोझोमची घडण जन्मतःच अपुरी असते. तरीही त्या रोग्यांस कर्करोगाचा धोका अधिक! हें कोडें अद्याप पुरतें उलगडलेलें नाहीं.

मात्र ठळक केंद्रिका म्हणजे कर्करोगच, असें नव्हे. भरून येणाऱ्या जखमेच्या पेशींतही ती मोठी दिसते. म्हणून तज्ज्ञ केवळ तिच्यावरून निर्णय देत नाहींत. ग्रंथींची मांडणी आणि त्यांचा बाहेरचा पेशीथर शाबूत आहे कीं नाहीं, हेंही पाहतात. आमच्या स्नेह्यांच्या बाबतींत तो थर नाहींसा झालेला होता. अहवालाच्या दुसऱ्या पानावर तसें लिहिलेलें होतें. तें पान घरांत कोणींच वाचलें नव्हतें. आतां उपचार सुरू झाले आहेत.