बिनसालाच्या जाहिराती

गावातल्या कार्यक्रमाच्या जुन्या जाहिरातीवर वार असतो, तारीख असते, पुष्कळदा तिथीही असते. नसते ते साल. यात छापणाऱ्याचा निष्काळजीपणा नव्हता. भजनाच्या बारीची किंवा संगीत नाटकाची जाहिरात पंधरा दिवस भिंतीवर टिकली की तिचे काम झाले, आणि त्या पंधरा दिवसांत कोणते साल चालू आहे हे कोणाला सांगावे लागत नसे. कायद्यानेही सालाची सक्ती केली नव्हती. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले. त्यामुळे साध्या हँडबिलाच्या तळाशीही छापखान्याचे नाव सापडते, साल मात्र सापडत नाही. असा गठ्ठा एखाद्या मंडळाच्या कपाटातून निघतो, तेव्हा सूची करणारा साहजिकच आधी ठळक अक्षरांतले गायकाचे किंवा नाटकाचे नाव पाहतो आणि त्यावरून काळ ठरवू लागतो. माझे म्हणणे असे की साल ठरवण्याच्या कामी हे मोठे नाव सर्वांत कच्चा साक्षीदार आहे. खरी साक्ष काठावरच्या बारीक अक्षरांत असते, आणि तीही एका नियमाने वाचावी लागते: नवी खूण ‘या आधी नाही’ एवढे खात्रीने सांगते, जुनी खूण ‘या नंतर नाही’ असे सहसा सांगत नाही, कारण जुने रेंगाळते.

मोठ्या नावाचा कच्चेपणा बालगंधर्वांच्या उदाहरणाने लगेच ध्यानात येतो. त्यांचे नाव रंगभूमीच्या जाहिरातींवर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून पन्नास वर्षे झळकत राहिले. ‘संगीत मानापमान’ हे नाटक १९११ साली रंगमंचावर आले आणि पुढे कितीतरी मंडळ्यांनी ते केले. म्हणून नाटकाच्या नावावरून १९११ ही खालची मर्यादा मिळते, वरची मिळतच नाही. वर ‘गंधर्व नाटक मंडळी’ असे असेल तर मर्यादा १९१३ वर सरकते, कारण मंडळी त्या वर्षी निघाली. एखादा प्रसंग असा असतो की तो एकदाच घडू शकतो. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ८ जुलै १९२१ रोजी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले. तिथे नावांची जोडीच तारीख सांगते. पण असा योग अपवादाने येतो. बहुतेक जाहिरातींवर एकच मोठे नाव असते आणि ते नाव तीस-चाळीस वर्षे गात असते.

आता बारीक अक्षरांकडे येऊ. पेण तालुक्यातले जोहे हे गाव आज हमरापूरबरोबर गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखले जाते. अशा गावाचा पत्ता जाहिरातीवर ‘मु. जोहे, ता. पेण, जि. रायगड’ असा असेल तर ती १ जानेवारी १९८१ च्या आधीची असूच शकत नाही, कारण त्या दिवशी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. एवढे विधान पक्के. पण पत्त्यात ‘जि. कुलाबा’ असेल तर जाहिरात १९८१ च्या आधीची, असे म्हणायला बहुतेकांची जीभ लगेच उचलते, आणि नेमकी तिथेच चूक होते. सरकारी आदेश एका दिवसात लागू होतो. मंडळाचा शिक्का, नाव-पत्त्याचा तयार ब्लॉक, छापखान्यात जुळवून ठेवलेली ओळ आणि लोकांच्या तोंडातली सवय एका दिवसात बदलत नाही. ज्याने दहा वर्षे ‘कुलाबा’ लिहिले तो अकराव्या वर्षीही लिहून जातो. उलट १९८१ च्या आधी कोणी ‘जि. रायगड’ असे पत्त्यात छापण्याला कारणच नव्हते. एकाच बदलाच्या या दोन बाजूंचे वजन असे वेगवेगळे आहे. सूचीच्या कामात जितक्या चुकीच्या तारखा शिरतात, त्यांतल्या पुष्कळशा या दोन बाजूंना सारखे वजन दिल्यामुळे शिरतात.

हाच नियम इतर खुणांना लावून पाहावा. ‘एस.टी. स्टँडसमोर’ असे असेल तर १९४८ च्या आधीचा विचार नको. राज्य परिवहनाची पहिली गाडी त्या वर्षी १ जूनला पुण्याहून नगरला गेली. तिकीट नव्या पैशांत असेल तर १ एप्रिल १९५७ ही खालची मर्यादा. ‘महाराष्ट्र राज्य’ म्हटले की १ मे १९६०. पत्त्यात पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२. ‘रोहा रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ अशी ओळ असेल तर १९८६, कारण रूळ रोह्यापर्यंत तेव्हा पोचले. महामार्गाचा क्रमांक ६६ असेल तर २०१०; त्याआधी मुंबई-गोवा महामार्ग १७ क्रमांकाचा होता. आता या खुणा उलट्या करून पाहा. आण्यांतला दर १९५७ नंतरही छापला जाऊ शकतो, कारण जुनी नाणी लगेच चलनातून गेली नाहीत आणि लोक हिशेब आण्यांतच करत. ‘न.पै.’मधला ‘नवा’ हा शब्द सरकारने १९६४ च्या जूनमध्ये काढला, पण दुकानदाराने आणि जुळाऱ्याने तो काढायला वेळ घेतला. शुद्धलेखनाचेही तसेच. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. तरी ज्या जुळाऱ्याचा हात ‘येथें’ आणि ‘गाणें’ यांवर बसलेला होता, तो पुढेही कित्येक वर्षे टिंबे देत राहिला. टिंब दिसले म्हणून ‘१९६२ पूर्वी’ अशी नोंद करणे हे पुराव्यापेक्षा सवयीला मान देणे आहे.

नियम एका कल्पित जाहिरातीवर चालवून पाहू. वर ‘रविवार, ता. १५ नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमा’, खाली ‘जि. कुलाबा’, ‘एस.टी. स्टँडजवळ’, आणि खुर्चीचा दर ‘१ रु. ५० न.पै.’. एस.टी.मुळे १९४८ आणि नव्या पैशांमुळे १९५७ या खालच्या मर्यादा मिळाल्या. वरची मर्यादा ‘कुलाबा’वरून किंवा ‘न.पै.’वरून काढायची नाही असे ठरवू. १९४८ पासून शतक संपेपर्यंत १५ नोव्हेंबरला रविवार आला तो १९५३, १९५९, १९६४, १९७०, १९८१, १९८७, १९९२ आणि १९९८ साली. आता तिथी लावायची. १९५३ मध्ये त्या दिवशी शुद्ध पक्ष जेमतेम अर्धा उलटला होता. १९६४ मध्ये पौर्णिमेला चार दिवस बाकी होते. १९७० मध्ये पौर्णिमा दोन दिवस आधीच सरली होती, आणि पुढच्या चारही वर्षी वद्य पक्ष चालू होता. उरते १९५९. वार, तारीख आणि तिथी या तीन वेगळ्या गणनांनी एकच साल दिले आणि नव्या पैशांची खूण त्याच्याशी जुळली. हंगामही विरोधात जात नाही: कोकणात उघड्या मांडवातला कार्यक्रम भातकापणी उरकल्यावरच शोभतो. मात्र शक छापलेला असेल तर एक काळजी घ्यावी. शकात सरसकट ७८ मिळवून भागत नाही. इंग्रजी वर्ष बदलल्यावर फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८८१ चा कार्तिक १९५९ मधला, पण त्याच शकाचा माघ १९६० मधला. पालीच्या बल्लाळेश्वराचा उत्सव माघातला, गावोगावच्या जत्राही त्याच सुमाराच्या. म्हणजे ही एका वर्षाची चूक ऐन गर्दीच्या हंगामातल्या जाहिरातींवर पडते.

जुने रेंगाळते या नियमाला एक ठळक अपवाद आहे: मानमरातब. पत्त्यातला जुना जिल्हा संयोजकाला खुपत नाही, पण कलावंताला मिळालेला नवा मान छापायचा राहिला तर तिकीटविक्रीचेच नुकसान. भीमसेन जोशींना १९७२ मध्ये पद्मश्री, १९८५ मध्ये पद्मभूषण आणि १९९९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. भारतरत्न २००८ च्या नोव्हेंबरात जाहीर झाले. म्हणून ‘पद्मभूषण पं. भीमसेन जोशी’ असे छापलेली जाहिरात बहुधा १९८५ ते १९९९ मधली, आणि इथे वरच्या मर्यादेलाही बऱ्यापैकी वजन आहे. हे सन्मान नावापुढे उपाधीसारखे लावू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बजावले होते. जाहिरातवाल्यांनी ते मनावर घेतले नाही, आणि सूची करणाऱ्याचा त्यात फायदाच झाला. कितवे वर्ष हा आकडा मात्र दिसतो तितका सरळ नसतो. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला. पहिले वर्ष धरून मोजले की ६७ वा महोत्सव २०१९ ला येतो आणि तो तेव्हाच झाला. पण ६८ वा झाला २०२२ मध्ये, कारण मधली दोन वर्षे कोरोनात गेली. एवढ्या नामांकित उत्सवाच्या आकड्यात खंड पडत असेल, तर गावच्या मंडळाच्या ‘२५ व्या वर्षा’वरून थेट साल काढणे धाडसाचे आहे.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला असतो: इतका खटाटोप कशाला, कागद आणि छपाई पाहून अनुभवी माणूस दशक सांगतो. नजरेला माझा विरोध नाही. नजरेने काय पाहिले ते लिहावे एवढेच मागणे आहे. खिळ्यांची छपाई असेल तर कागद उजेडात तिरपा धरल्यावर अक्षरांचा दाब मागच्या बाजूला उठलेला दिसतो. ऑफसेटला तो नसतो. मोठ्या लाकडी टायपात शाई सारखी बसत नाही, लाकडाच्या रेषा उमटतात. छायाचित्र भिंगाखाली धरले की ब्लॉकचे ठिपके सुटे दिसतात. पण तंत्रही रेंगाळतेच. मुंबईत ऑफसेट आले म्हणून तालुक्याच्या गावची ट्रेडल थांबली नाही, आणि लग्नपत्रिका व हँडबिले तिच्यावर छापली जात राहिली. म्हणून तंत्रावरून पुन्हा खालचीच मर्यादा घ्यावी. नजरेचा खरा उपयोग आणखी बारीक जागी आहे. एका छापखान्याच्या ठळक ‘सं’चा काना तुटलेला असेल, तर तो त्या छापखान्याच्या पुढच्या जाहिरातींतही तुटकाच येतो. मोडलेला टाईप आपोआप सांधत नाही. त्यामुळे तो अखंड असलेल्या जाहिराती आधीच्या, तुटका असलेल्या नंतरच्या असा क्रम लागतो, आणि त्यांतल्या एखादीचे साल इतर मार्गाने कळले की शेजारच्या बिनसालाच्या जाहिरातींनाही जागा मिळते. छापखान्याने टाईप बदलला किंवा एकाच अक्षराचे दोन खिळे वापरात असले तर क्रम बिघडू शकतो; म्हणून एका अक्षरावर न थांबता दोन-तीन मोडक्या अक्षरांची साक्ष घ्यावी. हे काम सूची छापखान्यानुसार लावली तरच होते, गायकानुसार लावली तर कधीच होत नाही. काठावरची ओळ मोठ्या नावाआधी का नोंदवायची, याचे हे सर्वांत व्यवहारी कारण आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जाहिरात कार्यक्रम ठरल्याचे सांगते, झाल्याचे नाही. गायकाचा घसा बसतो, गाडी चुकते, अवकाळी पाऊस मांडव पाडतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच सूचीत ‘जाहीर तारीख’ आणि ‘प्रत्यक्ष तारीख’ असे दोन वेगळे रकाने हवेत. दुसरा रकाना जाहिरातीवरून भरायचाच नाही. तो ‘केसरी’, ‘लोकसत्ता’ किंवा अलिबागच्या ‘कृषीवल’सारख्या पत्रांच्या जुन्या अंकांतल्या वृत्तावरून, मंडळाच्या जमाखर्चाच्या वहीवरून भरायचा. कागदाची मागची बाजू इथे फार मोलाची ठरते. जाहिरातीच्या पाठीवर कोणी तारीख घालून उधारी टिपली असेल, किंवा ती बुकपोस्टाने गेली असून तिच्यावर डाकेचा शिक्का असेल, तर छपाई त्या तारखेच्या आधीची हे निर्विवाद. वरची मर्यादा पक्की देणारा असा पुरावा दुर्मीळ असतो. म्हणून फोटो दोन्ही बाजूंचा घ्यावा, फाटक्या कागदाला पाठीमागून चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर करूच नये, आणि नोंदणी क्रमांक मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात घालावा. मजकूर उतरवताना अनुस्वार, चुका आणि मोडके शब्द जसेच्या तसे ठेवावेत. शुद्ध करून लिहिला की पुरावाच पुसला.

तिसरा प्रश्न साधा असतो: साल पाच वर्षे इकडेतिकडे झाले तर काय बिघडले? एका जाहिरातीपुरते फारसे काही नाही. पण अशा सूचींवरूनच पुढे कोणी लिहिणार की संगीत नाटक कुलाब्याच्या खेड्यांत कधी पोचले, तिकीट लावून गाणे ऐकण्याची रीत कधी पडली, बारीच्या भजनाची जागा ऑर्केस्ट्राने कधी घेतली. तिथे पाच वर्षांची चूक ही आधी काय आणि मागाहून काय याचीच चूक होते. आणि चुकीचे साल एकदा सूचीत छापले गेले की त्याला कोणी कारण विचारत नाही. पुढचा लेखक ते उतरवतो, त्याचे पाहून तिसरा. त्यापेक्षा ‘१९५७ नंतर, बहुधा १९५९, आधार: नवे पैसे, वार-तारीख-तिथी’ अशी लांबट नोंद बरी. ती दिसायला अनिश्चित असते, पण तिच्यातले प्रत्येक पाऊल दुसऱ्याला तपासता येते. उद्या त्याच छापखान्याची साल छापलेली एखादी जाहिरात निघाली, तर नेमका कोणता शब्द बदलायचा हे तिच्यावरून कळते. नुसत्या ‘१९५९’वरून ते कळत नाही.