भातकापणीनंतरचा हंगाम

दिवा–रोहा गाडी नागोठणं सोडते आणि रोह्याच्या आधी निडीला थांबते. दोन्ही बाजूंना भातखाचरं. कॉलेजला जाणारी मुलं इथून रोह्याला जातात किंवा उलट्या दिशेने पेणला. रोह्यात कोकण एज्युकेशन सोसायटीचं, चिंतामणराव देशमुखांच्या नावाचं महाविद्यालय आहे. पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालय. या पट्ट्यातल्या कॉलेज संघाचा हंगाम म्हणजे कबड्डीचा हंगाम. फुटबॉल इथे का रुजला नाही, याचं उत्तर मला सातबाऱ्यावर सापडतं.

पाऊस हे कारण नव्हे. मुंबईत फुटबॉल पावसातच रंगतो, आणि कोल्हापुरात तर पेठापेठांच्या तालमींनी तो कुस्तीइतकाच आपला केला. अडतं ते जागेपाशी. आंतरराष्ट्रीय मापाचं फुटबॉल मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे सुमारे ७० गुंठे, पावणेदोन एकर. पुरुषांच्या कबड्डीचं क्रीडांगण १३ बाय १० मीटर, जेमतेम सव्वा गुंठा. इथली जमीन आधी खोतांची. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून सहा वर्षं शेती न करण्याचा संप केला तो याच खोतीविरुद्ध. १९४९च्या कायद्याने खोती गेली, कुळांच्या नावावर जमीन आली आणि पुढे भावाभावांत वाटली गेली. सलग पावणेदोन एकर खेळायला सोडील असा शेतकरी कुठून आणायचा? सव्वा गुंठा मात्र कोणीही देतो. दसऱ्याच्या दिवसांत रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सलामी देतात, आणि त्याच सुमारास विळे बाहेर पडतात. कापणी आटोपली की एखाद्या खाचरातली धसकटं काढतात, ढेकळं फोडून पाणी मारतात, रोलर फिरवतात. बांधावर प्रेक्षक बसतात. वालाच्या शेंगा भरल्या की त्या मडक्यात भाजायची पोपटी लागते आणि 'भव्य प्रकाशझोतातील कबड्डी स्पर्धे'चे फलक नाक्यानाक्यावर झळकतात. रात्रभर सामने चालतात. उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड यांच्या जोडीला 'पब्लिक हिरो' नावाचं एक बक्षीस असतं. ते मला सगळ्यांत आवडतं. कुठल्याही नियमपुस्तकात ते बसत नाही.

खरी गंमत अशी की विद्यापीठाचा हंगाम या हंगामाशी जुळतच नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक पहिल्या सत्रात होतात, म्हणजे शेतात चिखल असताना. त्या वेळी गावात सरावाला माती नसते. शिवाय कॉलेजचा सामना मॅटवर, बूट घालून. गावचा सामना मातीत, अनवाणी. मातीत अंग झोकून चवडा धरणारा कोपरारक्षक मॅटवर थोडा बिचकतो. बूट घातलेला चढाईपटू तिथे झपकन वळतो आणि निदान रेषा ओलांडून, गडी टिपून परत येतो. निवड चाचणीला जे उभे राहतात ते गावच्या संघांत घडलेले असतात. कॉलेज त्यांना जर्सी देतं, प्रमाणपत्र देतं. खेळ शिकवलेला असतो गावाने. सप्टेंबरात एका जर्सीत खांद्याला खांदा लावलेले दोघं जानेवारीत समोरासमोर उभे राहतात आणि मग लोण चढवताना मैत्री पाहत नाहीत.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळाचं चित्र याच्या नेमकं उलट आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात ते कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल पाहायला, आणि २०२१पासून तिथल्या विद्यार्थी खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसेही मिळवता येतात. आपल्याकडे कॉलेजच्या सामन्याला दुसऱ्या वर्गातली मुलंही येत नाहीत. तरी प्रमाणपत्राचं मोल कमी लेखू नये. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा, मध्य रेल्वे यांच्या संघांनी कबड्डीपटूंची घरं चालवलेली आहेत. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी हा खेळ आयुष्यभर वाढवला. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. २०१४ साली प्रो कबड्डी आली आणि शॉर्ट घालून मातीत लोळणाऱ्या पोराकडे घरचे जरा आदराने पाहू लागले.

मुलींचं काय, इथे मात्र माझं गावाशी भांडण आहे. रात्रीच्या स्पर्धा म्हणजे बहुतेक पुरुषांच्या स्पर्धा. मुलीला मध्यरात्री सामना खेळून घरी पोचायचं कसं? गाड्या मोजक्या, रस्ता काळोखा. म्हणून मुलांच्या दृष्टीने दुय्यम ठरलेला कॉलेजचा हंगाम मुलींसाठी अनेकदा एकमेव असतो. तो बाद फेरीतल्या एका पराभवात संपला, की वर्ष संपलं. मुली खेळात कमी पडतात असं तर नाही. २०१२च्या पहिल्या महिला विश्वचषकात जिंकलेल्या भारतीय संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. ७ ऑक्टोबर २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताचं शंभरावं पदक आलं तेही महिला कबड्डीचं, चायनीज तैपेईवर २६–२५ असा एका गुणाने मिळवलेलं सुवर्ण.

महिलांचं क्रीडांगण १२ बाय ८ मीटर. पुरता एक गुंठाही लागत नाही. या मोसमात फलक छापायला टाकण्याआधी गावोगावच्या मंडळांनी एवढंच करावं: त्याच मैदानावर, दिवे लागण्याआधी, दुपारी तीनला मुलींचे सामने ठेवावेत आणि बक्षिसाची रक्कम पुरुषांइतकीच लिहावी.