न उपसावयाची तलवार

जपानच्या दक्षिणेस क्यूशू नावाचे बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाकडे, साकुराजिमा या धुमसत्या ज्वालामुखीच्या समोर, कागोशिमा शहर वसले आहे. पूर्वी या मुलखास सात्सुमा म्हणत व तेथे शिमाझू घराण्याची सत्ता होती. खड्गविद्येचा 'जिगेन' संप्रदाय याच भूमीत वाढला.

त्याचा प्रवर्तक तोगो शिगेकाता हा शिमाझूंच्या पदरी होता. एका निराळ्या पद्धतीत तो तरबेज झालेला होता. परंतु १५८८ साली धन्याबरोबर क्योतो नगरीस गेला असता त्यास झेनकित्सू नावाचा भिक्षू भेटला आणि तोगोने त्याचे शिष्यत्व पत्करले. गावी परतल्यावर तो अंगणातील झाडांवर लाकडी सोट्याने अहोरात्र प्रहार करू लागला. अखेरीस ती झाडे वठून गेली, असे सांगतात. पुढे तो शिमाझूंचा खड्गगुरू झाला.

त्याच्या शिष्यांच्या वाट्यासही तेच कष्ट आले. जमिनीत एक लाकडी खांब पुरलेला असतो. शिष्याच्या हाती तलवार नसते. न तासलेला, जड असा सोटा असतो. तो उजव्या कानाजवळ उभा धरावयाचा. या पवित्र्यास 'तोंबो', म्हणजे चतुर, असे नाव आहे. मग मोठ्याने आरोळी ठोकून धावत जावयाचे आणि खांबावर उजवीकडून व डावीकडून तिरपे घाव घालीत राहावयाचे. सकाळी ३,००० आणि सायंकाळी ८,००० घाव घालावेत, असे तेथील जुने वचन आहे. मिनिटास तीस घाव धरले, तरी सायंकाळच्या घावांनाच चार तासांहून अधिक वेळ लागेल! एवढा खटाटोप कशासाठी? पहिलाच घाव असा पडावा, की दुसऱ्याची गरज उरू नये.

असा घाव ज्याच्या हाती आला, त्याचा राग ही मोठीच भयंकर वस्तू होय. म्हणूनच तलवार उपसावयाची नाही, असा या संप्रदायाचा दंडक आहे. सात्सुमातील पुष्कळ तलवारींच्या मुठीखालील लोखंडी चकतीस बारीक छिद्रे आढळतात. त्यांतून तार ओवून तलवार म्यानाशी बांधून ठेवीत. रागाच्या भरात हात मुठीकडे गेला, तरी आधी तार सोडवावी लागे. आणि तेवढ्या अवधीत माणूस भानावर येई.

१८७६ साली जपानी सरकारने तलवार बाळगण्यास बंदी केली. दुसऱ्याच वर्षी सात्सुमाच्या योद्ध्यांनी बंड केले, पण सरकारी सैन्याच्या बंदुकांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. तलवारीचे दिवस संपले; अभ्यास मात्र थांबला नाही. कागोशिमात तोगो घराण्याच्या आखाड्यात तो आजही चालतो. खांब झिजून निकामी झाला, की त्याच्या जागी नवा पुरतात.