पशुवैद्यक होण्यासाठी परदेशी जाताना

डॉक्टरकी शिकण्यासाठी आपली मुले रशियात, चीनमध्ये वा फिलिपाइन्समध्ये जातात, ही गोष्ट भारतातील कुटुंबांना आता नवी राहिलेली नाही. परंतु अमेरिकेसारख्या संपन्न आणि विद्यापीठांनी गजबजलेल्या देशातील तरुण-तरुणीही घर सोडून दूरदेशी शिकावयास जातात, आणि तेही गाईगुरे, घोडे, कुत्री-मांजरे यांची वैद्यकी शिकावयास, हे ऐकून वाचकांना कदाचित नवल वाटेल. या मुलांची तयारी कशी चालते, त्यांच्या आईबापांना कोणते प्रश्न पडतात, हे जाणून घेण्यासारखे आहे. कारण देश निराळा असला, तरी त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न आपल्या घरातल्या प्रश्नासारखाच आहे.

प्रथम हे पाहू, की त्यांना बाहेर जावेच का लागते? अमेरिकेत राज्ये पन्नास आहेत आणि मान्यताप्राप्त पशुवैद्यक महाविद्यालये तीसहून थोडीच अधिक. त्यांतील सरकारी महाविद्यालये स्वाभाविकपणे आपल्या राज्यातील रहिवाशांना आधी प्रवेश देतात आणि परराज्यातील विद्यार्थ्यांकडून अधिक शुल्क घेतात. ज्या मुलीच्या राज्यात असे महाविद्यालयच नाही, तिला शेजारच्या राज्यात जावयाचे काय आणि समुद्र ओलांडावयाचा काय, खर्चाच्या दृष्टीने पुष्कळदा फारसा फरक उरत नाही. शिवाय ब्रिटनच्या खेड्यापाड्यांतील पशुवैद्याच्या जीवनाचे आकर्षणही आहेच. ग्लासगोच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून १९३९ साली पदवी घेतलेल्या जेम्स आल्फ्रेड वाइट यांनी ‘जेम्स हेरियट’ या टोपणनावाने लिहिलेले ‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’ हे पुस्तक १९७२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि यॉर्कशरच्या गोठ्यांतील त्या कथांनी तेथील असंख्य वाचकांना वेड लावले.

जुनी वहिवाट

ही वाट काही आजची नाही. पशुवैद्यकाचे जगातील पहिले विद्यालय १७६१ साली फ्रान्समधील लिआँ येथे स्थापन झाले. एडिंबरोमध्ये विल्यम डिक यांनी १८२३ साली आपले विद्यालय सुरू केले. आज ते त्यांच्याच नावाने विद्यापीठात नांदते आहे. याच एडिंबरोत शिकलेले जेम्स लॉ १८६८ साली अमेरिकेतील नव्या कॉर्नेल विद्यापीठात पशुवैद्यकाचे अध्यापक म्हणून गेले. त्यांचे शिष्य डॅनियल साल्मन यांनी शिक्षणाचा काही काळ पॅरिसजवळील आल्फोर येथील विद्यालयात काढला आणि १८७६ साली अमेरिकेतील पशुवैद्यकाची पहिली डॉक्टर ही पदवी मिळविली. पुढे १८८४ मध्ये अमेरिकन सरकारने पशुरोगांच्या निवारणासाठी खाते उघडले, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख हेच साल्मन झाले. त्यांच्याच नावावरून ‘साल्मोनेला’ या जंतुवर्गाचे नाव पडले. आपल्याकडे घरोघर ठाऊक असलेल्या विषमज्वराचा जंतू याच वर्गातला आहे. गुरांच्या वैद्याचे नाव माणसांच्या तापाशी असे कायमचे जोडले गेले!

सर्वांत पहिला प्रश्न

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न विद्यालय किती जुने, शहर किती सुंदर, असा नसतो. ‘तेथील पदवी घेऊन मला माझ्या राज्यात व्यवसाय करता येईल काय?’ हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर एका यादीत सापडते. १८६३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशन या संस्थेची शिक्षणविषयक परिषद देशातील तशीच परदेशातील विद्यालयेही तपासते. तज्ज्ञांचे पथक प्रत्यक्ष तेथे जाऊन रुग्णालय, प्रयोगशाळा, अध्यापक आणि विद्यार्थ्यांच्या हातून होणारे काम पाहते, आणि मग मान्यता ठरते. ही मान्यता कायमची नसून ठराविक वर्षांनी पुन्हा तपासली जाते. लंडन, एडिंबरो, ग्लासगो, डब्लिन, सिडनी, मेलबर्न आणि न्यूझीलंडमधील मॅसी विद्यापीठ येथील विद्यालयांना अशी मान्यता लाभलेली आहे.

मान्यतेने काय फरक पडतो? मान्यताप्राप्त परदेशी विद्यालयाचा पदवीधर मायदेशातील पदवीधराप्रमाणेच उत्तर अमेरिकेची सामाईक परवाना परीक्षा देतो, आपल्या राज्याच्या मंडळाचे नियम पुरे करतो आणि कामाला लागतो. मान्यता नसलेल्या विद्यालयाच्या पदवीधराला मात्र, तो जन्माने अमेरिकन असला तरी, आणखी एक लांबलचक पडताळणी पार करावी लागते. कागदपत्रांची छाननी, मूलभूत व चिकित्साविषयक शास्त्रांची लेखी परीक्षा, आणि त्यानंतर प्रात्यक्षिक: भूल देणे, शस्त्रक्रिया करणे, गाय व घोडा तपासणे, मेलेल्या जनावराची शवचिकित्सा करणे. यात वर्षे जातात आणि हजारो डॉलर खर्च होतात. कॅरिबियन बेटांवरील सेंट किट्स आणि ग्रेनाडा येथील दोन विद्यालयांत अमेरिकन विद्यार्थी फार मोठ्या संख्येने जातात. त्यांना ही मान्यता २०११ साली मिळाली. त्यापूर्वीच्या पदवीधरांना या वेगळ्या पडताळणीतून जावे लागले. एका यादीतील एका नावाचे मोल यावरून ध्यानी येईल.

पदवीच्या नावावरूनही पालकांचा गोंधळ उडतो. अमेरिकेत पशुवैद्यकाची पदवी ‘डॉक्टर’ या नावाची असते. ब्रिटन व न्यूझीलंडमध्ये तीच विद्या शिकून ‘बॅचलर’ ही पदवी मिळते. परंतु परवाना देताना पाहिली जाते ती मान्यता. पदवीच्या नावाने बिघडत नाही.

अर्ज, वय आणि वर्षे

अमेरिकेत शालेय शिक्षणानंतर तीन-चार वर्षे महाविद्यालयात घालवून मग पशुवैद्यकाकडे वळण्याची रीत आहे. त्या काळात जीवशास्त्र, रसायन, सेंद्रिय रसायन, भौतिकी व संख्याशास्त्र हे विषय पुरे करावे लागतात. ब्रिटनमध्ये मात्र मुले अठराव्या वर्षीच पशुवैद्यक विद्यालयात येतात. त्यामुळे बावीस वर्षांची अमेरिकन मुलगी ग्लासगोच्या पाच वर्षांच्या वर्गात बसली, तर तिच्या शेजारी नुकतीच शाळा सोडलेली मुले असतात. एडिंबरो, लंडन व डब्लिन येथे पदवीधरांसाठी चार वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. मेलबर्नचा चार वर्षांचा अभ्यासक्रम तर पदवीनंतरचाच आहे. बेटांवरील विद्यालयांत आरंभीची वर्षे बेटावर आणि अखेरचे सुमारे वर्षभराचे रुग्णालयीन शिक्षण अमेरिकेतील वा अन्य ठिकाणच्या संलग्न विद्यालयात, अशी विभागणी असते. एका वर्षाचा फरक म्हणजे एका वर्षाचे शुल्क, राहण्याचा खर्च आणि एका वर्षाची बुडालेली मिळकत, हा हिशेब आधीच मांडावा लागतो.

गुणांइतकेच महत्त्व अनुभवाला आहे. पशुवैद्याच्या हाताखाली, गोठ्यात, घोड्यांच्या पागेत वा भटक्या जनावरांच्या आश्रयगृहात किती तास काम केले, याची नोंद अर्जात द्यावी लागते. शहरात वाढलेल्या आणि केवळ आपल्या घरच्या कुत्र्यावर प्रेम करणाऱ्या मुलामुलींची येथे खरी कसोटी लागते. ब्रिटनमध्ये वसंत ऋतूत मेंढ्या व्यायला लागल्या, की विद्यार्थी शेतकऱ्यांकडे राहून रात्रीबेरात्री कोकरे सोडविण्यास मदत करतात. थंडी, चिखल आणि अपुरी झोप यांची ज्याला किळस वाटते, त्याने ते घरीच ओळखलेले बरे.

पैशाची बाजू

कर्जाचा प्रश्न सर्वांत गंभीर. काही परदेशी विद्यालयांतील अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांच्या केंद्र सरकारचे शिक्षणकर्ज मिळू शकते. परंतु २०२५ साली झालेल्या कायद्याने या कर्जाचे स्वरूप बदलले. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर अशी मर्यादा या कायद्याने घातली. त्यापलीकडचा खर्च कुटुंबाने सोसावयाचा किंवा खासगी कर्जातून भागवावयाचा. त्यातच शुल्क पौंडांत वा युरोत आणि कर्ज डॉलरांत असल्याने चलनाचा भाव वर गेला, की ठरविलेला आकडा कोलमडतो. प्रवेशपरवान्याचे शुल्क, विमानभाडे, घराची अनामत रक्कम, ब्रिटनमध्ये राहण्यासाठी आरोग्यसेवेचा वार्षिक आकार, हे खर्च विद्यालयाच्या शुल्कपत्रकात दिसत नाहीत. सुज्ञ कुटुंब ते आधीच मांडते, आणि पशुवैद्याच्या आरंभीच्या मिळकतीतून एवढे कर्ज किती वर्षांत फिटेल, हेही मुलासमोर मोकळेपणाने बोलते. लेकराचे स्वप्न मोडू नये म्हणून आकडे लपविणे ही माया नव्हे.

बुटांवरची माती

प्रवासाची तयारीही या विद्यार्थ्यांची काहीशी निराळी असते. पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याचे भय ज्या व्यवसायात नित्याचे, त्यात शिरताना रेबीजची प्रतिबंधक लस आधीच टोचून घेतात. सामानात गमबूट असतात; आणि न्यूझीलंड वा ऑस्ट्रेलियात उतरताना याच बुटांची चौकशी होते. आपण अलीकडे शेतावर गेला होता काय, जनावरांत वावरला होता काय, हे तेथे लेखी सांगावे लागते. बुटांच्या तळव्याला चिकटलेल्या मातीतून रोग देशात शिरू शकतो.

ही सावधगिरी अनाठायी नाही. आपल्या शेतकऱ्यांना लाळ्या-खुरकूत चांगली परिचित आहे. अमेरिकेत मात्र १९२९ नंतर हा रोग झालेला नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली तो उसळला, तेव्हा त्याला आवर घालण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. भावी पशुवैद्याच्या शिक्षणाचा पहिला धडा अशा रीतीने वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी, विमानतळावरच मिळतो.

घरचा कुत्रा बरोबर नेण्याचा मोह अनेकांना होतो. ब्रिटनमध्ये नेताना त्याच्या कातडीखाली ओळखचिप, रेबीजची लस आणि पोहोचण्यापूर्वी एक ते पाच दिवसांच्या आत पट्टकृमीचे औषध, एवढे सारे लागते. ऑस्ट्रेलियात तर त्याला काही दिवस सरकारी विलगीकरणात काढावे लागतात.

मापे निराळी, शब्द निराळे

भाषा इंग्रजीच असली, तरी गोंधळ व्हावयाचा तो होतोच. अमेरिकन मुलगी कुत्र्याचे ताप नसतानाचे तपमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट म्हणून शिकलेली असते. तेथे तिला ३८ ते ३९ अंश सेल्सियस असा विचार करावा लागतो. वजन पौंडांऐवजी किलोग्रॅममध्ये, आणि औषधाची मात्रा तर वजनावरच ठरावयाची. तिच्या देशात ज्याला एपिनेफ्रिन म्हणतात, ते येथे ॲड्रेनलिन. ॲसिटॅमिनोफेन म्हणजे येथील पॅरासिटमॉल. हे पॅरासिटमॉल मांजराला प्राणघातक ठरते, तेव्हा नावाचा असा घोटाळा क्षम्य नसतो.

याहूनही सूक्ष्म अडचण पुढे येते. परवाना परीक्षा मायदेशातील रोगांवर प्रश्न विचारते. डासांमुळे कुत्र्यांच्या हृदयात होणारे जंत अमेरिकेत सर्रास आढळतात. ब्रिटनमध्ये ते मूळ धरून नाहीत. तेथे पाच वर्षे शिकूनही असा रुग्ण हाताखालून न जाण्याचा संभव आहे. यास्तव शहाणे विद्यार्थी पहिल्या वर्षापासूनच मायदेशातील रोगांची वेगळी वही ठेवतात आणि नियमांत बसेल तेव्हा सुट्टीत आपल्याच राज्यातील पशुवैद्याकडे उमेदवारी करतात. त्यातून विद्या पक्की होते आणि पुढे नोकरी देणाऱ्यांशी परिचयही टिकतो.

आपल्यापुरता बोध

अमेरिकन कुटुंबांच्या या तयारीतून आपण काय घ्यावे? आपल्याकडे परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांसाठी २००२ पासून चाळणी परीक्षा लागू झाली, आणि ती न ओलांडता आल्याने कित्येक तरुणांची उमेदीची वर्षे वाया गेली. मुंबईच्या परळ येथील १८८६ सालच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या जुन्या आणि नामांकित संस्थेच्या पदवीधरालाही अमेरिकेत व्यवसाय करावयाचा, तर वर सांगितलेली लांब पडताळणीच पार करावी लागते. यात त्याच्या विद्येचा कमीपणा नाही. प्रत्येक देश आपल्या माणसांची व जनावरांची काळजी आपल्या कसोटीने घेतो, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून आपल्या घरातील मुलगा वा मुलगी परदेशी विद्यालयाचे सुंदर छायाचित्रांचे माहितीपत्रक घेऊन आली, तर तिला नाउमेद करू नका. तिच्याशेजारी बसा आणि चार गोष्टी कागदावर लिहून काढा: ही पदवी कोठे कोठे मानली जाते, परत आल्यावर कोणती परीक्षा द्यावी लागेल, एकूण कर्ज किती होईल, आणि ते कशातून फिटेल. उत्तरे दलालाच्या तोंडून न घेता मान्यता देणाऱ्या संस्थेच्या प्रसिद्ध यादीतून घ्या, आणि यादी त्याच वर्षाची आहे ना, हे पाहा. चारही उत्तरे समाधानकारक आली, तर मग गमबूट आणावयास आनंदाने बाजारात जा.