फोमच्या गोळीची बंदूक

मे महिन्याची सुट्टी होती. आम्ही कोरेगावात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. अंगणात पोरांचा गलका चालला होता. कुणी रांजणाआड दडले होते, कुणी ट्रॅक्टरच्या चाकामागे. हातात रंगीत प्लॅस्टिकच्या बंदुका. 'फट्' असा आवाज होई आणि बोटाएवढी मऊ गोळी सुटे. पुण्याहून आलेल्या नातवाने हा खेळ आणला होता.

म्हातारी आजी उंबऱ्यात बसली होती. तिने विचारले, "ह्यात दारू न्हाई, जाळ न्हाई. मग गोळी उडती कशी?"

प्रश्न मोठा चांगला होता. आपणही तो समजून घेऊ.

सायकलचा पंप घ्या. त्याच्या तोंडावर बोट धरा आणि दट्ट्या दाबा. आतली हवा बोटाला ढकलते. कोंडलेल्या हवेत जोर असतो. या बंदुकीच्या पोटातही एक दट्ट्या असतो. त्याच्यामागे स्प्रिंग असते. दांडा मागे ओढला की स्प्रिंग दबते. चाप ओढला की ती सुटते. दट्ट्या पुढे धावतो, हवा कोंडते आणि गोळीला बाहेर ढकलते. काही बंदुका सेलवर चालतात. त्यांच्यात दोन चाके गरगर फिरतात. चरकाच्या लाटांत ऊस ओढला जातो, तशी गोळी त्या चाकांत सापडते आणि जोराने बाहेर पडते.

गोळी फोमची असते. फोम म्हणजे गादीत असतो तसला मऊ, हलका पदार्थ. अमेरिकेत १९६९ साली 'नर्फ' नावाचा फोमचा चेंडू निघाला. घरात खेळला तरी काही फुटू नये, हा त्यातला विचार. पुढे १९८९ साली फोमचे चेंडू उडवणारी बंदूक आली आणि १९९२ साली लांबट गोळीची.

पण हवेची बंदूक आपल्या देशाला नवी नाही. छत्तीसगडात बस्तर नावाचा मुलूख आहे. तिथे जगदलपूरला आषाढात जगन्नाथाचा रथ निघतो. त्या सणाला गोंचा म्हणतात. तेव्हा लोक बांबूच्या पोकळ नळीत मालकांगोणीची हिरवी फळे घालतात आणि काठीने दाबतात. हवा कोंडते आणि पुढचे फळ 'फट्' करून उडते. ही देवाला सलामी! या नळीला 'तुपकी' म्हणतात. युक्ती तीच, फक्त सामान वेगळे.

या बंदुकीचे खेळही ओळखीचेच आहेत. एकावर एक कागदी पेले रचायचे आणि लांबून गोळी मारून पाडायचे. ही आपली लगोरीच की! अमेरिकेतल्या एका कॉलेजात २००५ साली पोरांनी दुसरा खेळ काढला. काही जण माणसे, काही जण भुते. भुताने शिवले की माणसाचे भूत होते. माणसाने फोमची गोळी मारली की भुताने काही वेळ गप्प राहायचे. आपल्या विषामृताचाच हा भाऊ म्हणा.

आम्ही हे आजीला सांगत होतो, तोच एक पोरगा डोळा धरून रडत आला. अगदी जवळून गोळी बसली होती. डोळा लाल झाला होता. "आरं, फोमची तर हाय, काय हुतंय!" असे कुणी म्हणाले. काकू मध आणायला धावल्या.

आम्ही म्हटले, "काकू, थांबा. डोळ्यात काही घालू नका."

गोळी मऊ असते, पण डोळा त्याहून नाजूक असतो. लंडनच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी २०१७ साली अशा तीन रोग्यांची हकिकत छापली. एक ११ वर्षांचा मुलगा, बाकी दोघे मोठी माणसे. फोमच्या गोळीने तिघांच्याही डोळ्यांत आतून रक्त उतरले होते. अशी इजा वरून नेहमी दिसतेच असे नाही. पण उपचार झाला नाही तर नजर जाऊ शकते.

म्हणून डोळ्याला मार बसला तर तो चोळू नये, दाबू नये. मध, दूध, तूप काही घालू नये. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. त्या पोराला लगेच नेले. डॉक्टरांनी तपासले. आत इजा नव्हती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग खेळ बंद करावा का? नाही. नियम करावेत. तोंडावर नेम धरायचा नाही. जवळून मारायचे नाही. नळीत डोळा लावून बघायचे नाही. नळीत खडा, पेन्सिल, काडी घालायची नाही. कारागीर वापरतात तसला जाड प्लॅस्टिकचा चष्मा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो घालून खेळायचे. लहानग्यांच्या हाती गोळ्या देऊ नयेत. ती पटकन तोंडात घालतात आणि घशात अडकते.

विकत घेतानाही बघून घ्यावे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय.ची खूण असावी, असा सरकारी नियम आहे. खोक्यावर वय छापलेले असते, तेही वाचावे. जत्रेत कडक छऱ्यांच्या बंदुकाही असतात. त्या दिसायला खेळण्यासारख्या असल्या तरी मुलांना देऊ नयेत.

आता तुम्हाला वाचता येते. मग खोके हातात घ्या आणि आधी ते वाचा.

संध्याकाळी अंगणात पुन्हा 'फट् फट्' सुरू झाले. या वेळी पोरांनी पेले रचले होते. आजी म्हणाली, "दे रं, म्या बी बघती." पहिल्याच गोळीला तिने तीन पेले पाडले!